स्वभावाला औषध नसेल, बाळंतपणाला आहे!

आई काळजीखोर, बाबा गप्पिष्ट; मग बाळंतपण कसं होणार? ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांतल्या या चर्चेला थोडी विज्ञानाची फोडणी.

घरात गोड बातमी आली, की पेढ्यांच्याही आधी अंदाज वाटले जातात. 'ती पहिल्यापासूनच हळवी, तिला कळा कुठल्या सोसतायत!' 'बाप इतका थंड, पोरगंही पोटात निवांत झोपलेलं असणार.' 'सासूबाई कडक ना, म्हणून हिला एवढ्या उलट्या.' हसण्यावारी नेण्यासारखी वाक्यं आहेत, पण गंमत अशी की यातल्या काही प्रश्नांवर जगभरातल्या संशोधकांनी गंभीरपणे काम केलं आहे. त्यांच्या हाती काय लागलं? काही अंदाज थोडेसे खरे निघाले, काही साफ आपटले आणि काही उत्तरं तर थेट आपल्या कल्याण, पुणे, नागपुरातून मिळाली.

१. पाच पट्ट्यांवर मावणारा माणूस

मानसशास्त्रज्ञ स्वभाव मोजताना पाच गुण पाहतात: बोलघेवडेपणा, शिस्त, मनमिळाऊपणा, नव्याची ओढ आणि चिंतातुरपणा. पाचही गुण प्रत्येकात असतात, प्रमाण तेवढं वेगळं. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लेडीज डब्यात हे पाचही गुण एकाच वेळी भेटतात. बसल्या बसल्या शेजारणीच्या भाचीचं लग्न जुळवणारी बोलघेवडी. पास संपायच्या आधीच नवा काढून ठेवणारी शिस्तीची. स्वतः आक्रसून चौथी सीट देणारी मनमिळाऊ. आज सोबतच्या ग्रुपला सोडून भलत्याच डब्यात चढून बघणारी नव्याची हौशी. आणि ठाण्याला उतरायचं म्हणून मुंब्र्यापासूनच दारात उभी राहणारी? तिची पट्टी सांगायला नको.

२. गप्पिष्टांच्या घरी पाळणा

फिनलंडचे संशोधक मार्कुस योकेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजारो लोकांचे स्वभाव आणि त्यांना झालेली मुलं यांचा मेळ घातला. बोलघेवड्या माणसांना मुलं होण्याची शक्यता थोडी जास्त, चिंतातुरांना थोडी कमी, असं दिसलं. नॉर्वेतल्या २०१४ सालच्या एका अभ्यासात आणखी मजेशीर गोष्ट पुढे आली. चिंतातुर पुरुषांना मुलं कमी होण्याचा कल जुन्या पिढीपेक्षा नव्या पिढीत अधिक ठळक आहे.

हे आकडे अशा देशांतले, जिथे मूल कधी आणि किती हा निर्णय बहुतांशी त्या दोघांचा असतो. आपल्याकडे लग्नाला सहा महिने झाले की 'काय मग, काही विशेष?' विचारणाऱ्या मावश्या-काकूंचा स्वभावही हिशोबात धरावा लागेल!

उलटी गंगाही वाहते. मुलांचा आईवडिलांच्या स्वभावावर परिणाम होतो. जे मुळात हळवे, ते मुलं झाल्यावर आणखी हळवे होतात, असं योकेला यांनाच फिनलंडच्या लोकांचा अभ्यास करताना दिसलं.

३. बडबडी सुटली, काळजीवाहू अडली?

ब्रिटनमध्ये साडेसातशेच्या आसपास नव्या आयांना त्यांचा स्वभाव आणि बाळंतपण दोन्हींबद्दल विचारलं गेलं. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. बहिर्मुख आणि कमी चिंता करणाऱ्या बायकांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त होतं.

पण लगेच सुनेला 'जरा बोलत जा गं' सांगायला धावू नका. या आयांना प्रश्न विचारले ते बाळंतपणानंतर. जिचं बाळंतपण अवघड गेलं, ती त्या काळात स्वतःला जास्त चिंतातुर समजणार, हे ओघानेच आलं. आधी स्वभाव की आधी टाके, हे अशा अभ्यासातून सुटत नाही.

४. भीतीची किंमत: ४७ मिनिटं

बाळंतपणाच्या टोकाच्या भीतीला वैद्यकशास्त्रात 'टोकोफोबिया' असं नाव आहे. नॉर्वेत ओस्लोजवळच्या एका इस्पितळात दोन हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना बाळंतपणाची फार भीती होती, त्यांच्या कळा सरासरी दीड तास जास्त चालल्या. पहिलटकरीण आहे का, कळा आणण्यासाठी औषध दिलं का, अशा बाकीच्या कारणांचा हिशोब वजा केल्यावरही ४७ मिनिटं शिल्लक राहिली. म्हणजे डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर गाठायला साधारण जेवढा वेळ लागतो, तेवढी.

याच अभ्यासातली दुसरी बाजूही ऐका: भीती वाटणाऱ्या बहुतेक बायका शेवटी नैसर्गिक पद्धतीनेच बाळंत झाल्या.

५. माहेरचं माणूस, ४१ मिनिटांची सूट

भीतीवर उतारा काय? शेजारी बसलेलं एक माणूस. १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांवरच्या २६ चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये एक मोठा आढावा घेतला गेला. कळा सुरू झाल्यापासून सतत कुणीतरी सोबत असेल, तर कळांचा काळ सरासरी ४१ मिनिटांनी कमी होतो, सिझरची शक्यता घटते आणि बाळंतपणाची आठवणही कडू राहत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली पद्धत यासाठीच पडली असेल का, ते सांगता येणार नाही, पण आईचा हात हातात असण्याचं मोल त्या पद्धतीने ओळखलं होतं. इस्पितळांची दारं मात्र बराच काळ आईलाही बंद होती. 'तुम्ही बाहेर थांबा' हे लेबररूमचं ठरलेलं वाक्य! केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी इस्पितळांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली. नाव घालायला जाल तेव्हाच विचारून ठेवा: 'आत कोण येऊ शकतं?'

६. उलट्या सासूबाईंमुळे नाहीत!

गरोदरपणातल्या भयंकर उलट्यांचं खापर डॉक्टरमंडळींनीही अनेक दशकं बाईच्या मनावर फोडलं. तिला मूल नकोच असेल, नवरा आवडत नसेल, नाटक करत असेल, असं काय काय पुस्तकांत लिहिलं गेलं. २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने हा निकाल फिरवला. खरा गुन्हेगार 'जीडीएफ-१५' नावाचं संप्रेरक. ते प्रामुख्याने बाळ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात उतरतं. ज्या बाईच्या शरीराला त्याची आधीपासून सवय नसते, तिला त्रास जास्त.

थोडक्यात, 'थोडं मन घट्ट कर' हा सल्ला इथे कुचकामी. पाणीही पोटात टिकत नसेल तर सल्ला देणाऱ्याला बाजूला सारून डॉक्टर गाठावा.

७. कल्याणची यमुना आणि दहा दिवसांचं बाळ

आईबापाचा स्वभाव आणि बाळंतपण हा विषय निघाला आणि कल्याणची आठवण झाली नाही, तर तो लेख अपुराच. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला जन्मलेली यमुना जोशी नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदीबाई झाली. नवरा गोपाळराव वीसेक वर्षांनी मोठा, पोस्टात कारकून आणि स्वभावाने एककल्ली, हट्टी, तापट. बायकोने शिकलंच पाहिजे, या एका ध्यासापायी तो तिच्यावर हातही उगारायचा.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. आजच्या भाषेत त्या आईचा स्वभाव मोजायचा तर शिस्तीच्या पट्टीवर ती पैकीच्या पैकी गुण मिळवती. पण बाळ त्याने वाचलं नाही. कमी होती ती वेळेवर मिळणाऱ्या उपचारांची आणि परक्या पुरुषाला दाखवायची लाज न वाटता जिच्याकडे जाता येईल अशा डॉक्टरीणबाईची.

ती कमी भरून काढायला आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय काय निवडला? आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र! क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आज त्यांचं नाव आहे.

८. अभिमन्यू काय ऐकत होता?

चक्रव्यूहात शिरायचं कसं हे अभिमन्यूने पोटातच ऐकलं, ही गोष्ट सांगितल्याशिवाय आपल्याकडे एकही गर्भसंस्कार वर्ग सुरू होत नाही. विज्ञान चक्रव्यूहापर्यंत जात नाही, पण मालिकेच्या शीर्षकगीतापर्यंत जातं. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी १९८८ मध्ये असं दाखवलं, की गरोदरपणी रोज 'नेबर्स' ही मालिका पाहणाऱ्या आयांची नवजात बाळं त्या मालिकेची धून लागताच शांत होऊन कान देतात. त्याआधी १९८६ मध्ये अमेरिकेत, शेवटच्या आठवड्यांत आईने मोठ्याने वाचलेली गोष्ट बाळं जन्मल्यावर ओळखतात, असं दिसलं होतं.

रडणंसुद्धा मातृभाषेत! २००९ मधल्या एका अभ्यासात फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत गेला, तर जर्मन बाळांचा उतरत. पोटात ऐकलेली बोलण्याची लय बाळं घेऊन येतात.

म्हणून महागड्या वर्गाची फी परवडत नसेल तर खंत नको. बाळाला सर्वांत जवळून ऐकू येणारा आवाज आईचा, आणि तो फुकट आहे.

९. मेथी म्हटल्यावर तोंड वाकडं

डोहाळजेवणात ताटभर पदार्थ मांडताना लक्षात ठेवा, जेवणारे दोघे आहेत. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाने २०२२ मध्ये गरोदर बायकांना गाजराच्या किंवा केल नावाच्या कडवट पालेभाजीच्या पावडरीच्या कॅप्सूल दिल्या आणि सोनोग्राफीत बाळांचे चेहरे पाहिले. गाजरवाली बाळं हसल्यासारखी, पालेभाजीवाली रडवेली! मात्र चवीची ओळख कामाला येते. ज्या आयांनी गरोदरपणी गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज कुरकुर न करता खाल्ली, असं २००१ मधल्या अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. भाजीला नाक मुरडणं हा 'बापाचा स्वभाव' असं म्हणण्याआधी आईच्या ताटातही डोकावून पाहा.

१०. पुणे, मुंबई, नागपूर: ताटाचा हिशोब

स्वभावापेक्षा ताट किती जड, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं.

पुणे: केईएम इस्पितळाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा गट १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास करतो आहे. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. तरी दिसायला किरकोळ असणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात चरबी मात्र त्या मानाने टिकून. जगभर गाजलेलं 'लुकडं पण चरबीदार' बाळ ते हेच. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध अधिक घेत, त्यांची बाळं थोडी मोठी होती.

मुंबई: २००६ पासून तिथल्या वस्त्यांमधल्या साडेसहा हजार बायकांना रोज एक समोशासारखा खाऊ दिला गेला. काहींच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध भरलेलं, इतरांच्या खाऊत साध्या भाज्या. ज्यांनी दिवस जायच्या किमान तीन महिने आधीपासून पौष्टिक खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. शिवाय गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही कमी दिसलं.

नागपूर: आठ देशांतल्या आठ ठिकाणी झालेल्या 'इंटरग्रोथ-२१' या प्रकल्पात आपल्याकडून नागपूर होतं. आई धडधाकट, खातीपिती आणि नीट तपासण्या झालेली असेल, तर नागपूरचं बाळ आणि ऑक्सफर्ड-सिॲटलचं बाळ पोटात जवळपास सारखंच वाढतं, हा २०१४ चा निष्कर्ष.

११. बाबांचं काय?

डोहाळजेवणात वाटीखाली पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाटी उचलते बिचारी आई, पण निवड आधीच झालेली असते आणि ती होते बाबांच्या शुक्रजंतूवरून. तो एक्स आणतो की वाय, एवढाच प्रश्न. आईचा स्वभाव, आहार, नवस यांचा त्यात काडीचा वाटा नाही. (सोनोग्राफीत 'तेवढं सांगा ना' म्हणू नका. १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य आणि १९९४ च्या केंद्रीय कायद्याने गर्भलिंगनिदान देशभर गुन्हा आहे.)

बाबा बदलतातही. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांची तपासणी करून २०११ मध्ये दिसलं, की बाप झाल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घसरतं. बाळाचं लंगोट-दूध करण्यात रोज तीन तास वा अधिक घालवणाऱ्यांचं सर्वांत कमी. आणि बाळाच्या जन्माच्या आगेमागे साधारण दहातल्या एका बापाला नैराश्य गाठतं. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक पार करून रात्री घरी आलेला गप्पगप्प बाबा नेहमीच 'स्वभावाने घुमा' नसतो.

१२. वांगणीचा पूर आणि कॅनडाचा बर्फ

२७ जुलै २०१९. उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराच्या वर प्रवासी, त्यांत नऊ गरोदर महिला. सगळ्या सुखरूप बाहेर आल्या. अशा वेळच्या ताणाचा बाळावर काय परिणाम होतो?

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये जानेवारी १९९८ च्या हिमवादळात लाखो घरांची वीज गेली, काही घरांत तर कित्येक आठवडे. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांवर संशोधक सुझॅन किंग यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. मुलांच्या भाषेवर आणि बुद्ध्यंकावर फरक दिसला. पण साडेपाच वर्षांच्या मुलांत तो आई किती घाबरली होती त्यापेक्षा तिला प्रत्यक्ष किती हाल सोसावे लागले, त्याच्याशी जुळत होता. म्हणजे बाईच्या घाबरट स्वभावापेक्षा बंद पडलेली वीज जास्त भोवली.

आपल्यापुरता धडा: लोकलच्या दिव्यांग डब्यात गरोदर महिलांना प्रवासाची मुभा आहे, ती वापरावी. कळा लागलेल्या प्रवासी महिलांची ठाणे स्थानकावरच्या 'वन रुपी क्लिनिक'मध्ये प्रसूती झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. बातमीत छान वाटतं, पण तिथवर वेळ येऊ देऊ नये.

१३. शिस्तीच्या बाईंची ड्यू डेट

कॅलेंडरवर लाल गोल, बॅग भरलेली, सुट्टी मंजूर. बाळ मात्र मस्टरवर सही करायला बांधील नाही! शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. शिस्त कामाला येते ती दुसरीकडे: लोहाच्या गोळ्या रोज घेणं (आणि त्या चहासोबत न घेणं), तपासण्या न चुकवणं. देशातल्या निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के गरोदर महिलांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. इथे विसरभोळ्या बाईला शिस्तीच्या नवऱ्याने आठवण करून दिली तरी चालतं.

१४. 'बाळंतीण आहे, होतं असं' हे नेहमीच खरं नाही

गोव्यात म्हापशाच्या एका इस्पितळात बाळंत झालेल्या महिलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं, तर २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्याची नाळ कशाशी जुळली? गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगाच हवा असताना मुलगी होणं. रडणाऱ्या बाळंतिणीला 'हळव्या स्वभावाची' म्हणून मोकळं होण्याआधी घरच्यांनी आरशात पाहावं, असा हा निष्कर्ष.

मदत हाताशी आहे. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांची 'आयपीएच' ही संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्यासाठी काम करते आहे. मानसोपचार म्हटलं की 'ठाण्याला पाठवू का?' असा विनोद करण्याचे दिवस आता संपवू या.

जाता जाता

निकाल सरळ आहे. आईबाबांचा स्वभाव बाळंतपणावर थोडीफार छाया टाकतो, पण बहुतेकदा ती पडते सवयींमधून, भीतीमधून आणि मिळणाऱ्या किंवा न मिळणाऱ्या आधारामधून. स्वभाव नऊ महिन्यांत बदलत नाही. ताट, तपासणी आणि सोबत मात्र उद्यापासून बदलता येते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. मन जड झालं तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, आणि अचानक कळा सुरू झाल्या तर १०८. घरात गोड बातमी असेल तर एवढे दोन आकडे फ्रिजवर चिकटवा आणि ९ तारखेला तिच्याबरोबर तुम्हीही जा.